सलाईनच्या दिवशीचा दिवा

३ फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्या,

अक्षर ओळखून पत्र फाडणार असशील तर आधी एवढं वाच, आई बरी आहे. गुडघे सोडले तर ठणठणीत. ऐकू कमी येतं, पण जे ऐकायचं ते बरोब्बर ऐकू येतं. तुझा पत्ता औषधाच्या दुकानातल्या तुझ्या मित्राकडून काढला. त्याला बोलू नकोस, मी अर्धा तास त्याचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे त्याने दिला.

मी अजून त्याच प्रयोगशाळेत आहे. तुझ्यानंतर प्राणीघरात जो राखणदार आला तो आठवड्यातून एकदा पिंजऱ्यांतला भुसा बदलतो, तोही कुणी साहेब येणार असेल तर. दार उघडलं की मुताचा वास डोळ्यांत जातो. तू होतास तेव्हा त्या खोलीत बसून माणसाने डबा खाल्ला असता. पण नुसत्या वासाची तक्रार करायला मी नऊ वर्षांनी पत्र लिहीत नाही. वासाची मला सवय आहे. सुरुवातीची वर्षं तुला आठवत असतील, कत्तलखान्यातून मेंढ्यांची मुंडकी बादल्यांतून यायची आणि मी मेंदूच्या तळाचा वाटाण्याएवढा तुकडा कोरून काढायची, सरांना त्यातून अर्क काढायचा असायचा. घरी आले की आई मला आधी न्हाणीघरात पिटाळायची. तेव्हा किळस वाटली नाही. आता सगळं बाटल्यांतून तयार येतं, स्वच्छ, लेबल लावलेलं, आणि आता शिसारी येते.

कारण सांगते. सरांकडे दीड वर्षापासून एक विद्यार्थिनी आहे, सगळे तिला नवी म्हणतात. सरांनी तिला तोच आपला गाजलेला प्रयोग पुन्हा करायला दिलाय. सरांचं भाषण तुला पाठ आहे. मेंदूच्या तळातून हुकूम सुटतो, खाली लोंबणारी पिट्युटरी तो ऐकते आणि आपली हार्मोन्स रक्तात सोडते. मालक, मुकादम, मजूर. इथपर्यंत जगाला मान्य आहे. सरांचं म्हणणं त्याच्या पुढचं, की तोच हुकूम पिनिअल ग्रंथीही ऐकते. पिनिअल खरं तर अंधाराची चाकर. अंधार झाला की तिचं हार्मोन वाढतं, उजेड पडला की काही मिनिटांत धपकन खाली. सरांनी दाखवलं की मेंदूचं ते हुकूम देणारं हार्मोन टोचलेल्या उंदरांत पिनिअलचं हार्मोन नुसत्या सलाईनवाल्यांच्या तिप्पट होतं. त्या तिप्पटीवर सरांची खुर्ची उभी आहे, आणि माझी कायम नोकरीही.

नवीने चाळीस उंदीर केले. पिट्युटरीचं हार्मोन वाढतं, वाढायलाच हवं. पिनिअलचं वाढत नाही. सलाईन टोचा नाहीतर हार्मोन टोचा, आकडा तोच. सर तिला सगळ्यांसमोर म्हणाले की तुझा हातच वाईट आहे, नमुने तू नासवतेस. आता तिला काढून टाकायला समिती नेमली आहे. ती माझ्या शेजारी बसून रोज आपल्याच हातांकडे बघते. मला ते बघवत नाही.

तुझी ती नोंदवहीतली नोंद खरी होती. त्या दिवशी खोलीत दिवा लागला होता. हे मलाही माहीत आहे. तू समितीसमोर येऊन एवढंच सांग की नोंद खरी आणि तुझी माफीची सही खोटी. बाकी काही बोलावं लागणार नाही.

ताई


१४ फेब्रुवारी, शनिवार

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. एका ओळीसाठी एवढं कोरं कार्ड वाया घालवलंस. ‘दिवा कुणी लावला ते लिहिलं नाहीस.’ बरं. लिहिते.

त्या वर्षी माझे डोळे गेले होते. आंधळी नव्हते, पण ती दिवसाची रात्र केलेली खोली, बाहेर भर दुपार आणि आत काळोख, आणि त्यात तो एक लाल दिवा, त्यात मला उंदराच्या शेपटीची शीर दिसेनाशी झाली होती. मी तेव्हा तात्पुरती होते. डोळ्यांचं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवली असती. सलाईनचा दिवस होता, आठ उंदीर. पहिल्याच उंदराने अंगठ्याला कडकडून चावा घेतला, नळी पडली, रक्त टेबलावर. सर अर्ध्या तासाने नमुने न्यायला येणार होते. मी ट्यूबलाइटचं बटण दाबलं. दोन मिनिटांसाठी म्हणून दाबलं आणि आठही उंदीर होईपर्यंत बंद केलं नाही. वीस मिनिटं. छान, लख्ख, पांढऱ्या उजेडात काम केलं, आणि आठही उंदरांची पिनिअल बसली गप्प. दुसऱ्या दिवशी हार्मोनवाले उंदीर मात्र अंधारात केले, कारण मी नवा चष्मा आणला होता. त्यांचं पिनिअलचं हार्मोन नेहमीएवढंच होतं. पण आदल्या दिवशीच्या शेजारी ठेवलं तर तिप्पट.

तू बाहेर पिंजरे धूत होतास. दाराखालून उजेड दिसला आणि तू नोंदवहीत लिहिलंस, तारीख, दोन वाजून दहा मिनिटं. तुझं काम होतं ते, तू केलंस. महिन्याने सरांच्या हाती नोंदवही लागली. त्यांनी सगळ्यांना उभं करून मला विचारलं, बाई, दिवा लागला होता का? मी नाही म्हटलं. तू माझ्याकडे पाहिलंस. त्या खोलीची किल्ली सर सोडून माझ्याकडेच असायची, तुला कळायला काही वेळ लागला नाही. मग तू पेन घेतलंस आणि सही केलीस, नोंद चुकून झाली, दिवा नव्हता. मला वाटलं होतं तू भांडशील. मी भांडणाची तयारी करून आले होते, उत्तरं घोकून. सहीची तयारी नव्हती.

आता या आठवड्यात काय झालं ते ऐक, आणि आधी काही खाऊ नकोस.

सरांनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं. म्हणाले, त्या मुलीचा हात बसत नाही, पुढचा प्रयोग तिच्याबरोबर उभं राहून तुम्ही करा.

“मागे केलात तसाच,” म्हणाले. “सलाईनच्या दिवशी केलात तसा.”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. मी विचारलं, सर, दिवा होता हे तुम्हाला माहीत होतं?

ते चष्मा पुसत होते. “आकड्यांवरून कळतं, बाई. आधीच्या महिन्याचे अंधारातले आकडे माझ्याकडे होतेच की. मला त्याच आठवड्यात कळलं. तुमचा भाऊ सज्जन माणूस होता.”

सज्जन म्हणाले. हवा छान आहे म्हणावं तसं. मी बाहेर येऊन मुंडकी धुवायच्या जुन्या बेसिनमध्ये ओकले. तीस वर्षांत त्या बेसिनजवळ मला मळमळलंसुद्धा नव्हतं.

मी म्हणजे उंदराला मांजर साक्ष. पण आता सांगायचं म्हणतेय. तू ये.

ताई


२६ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्या,

ही कुठली अट? ‘समितीचं नंतर. आधी आईला सांग. मग येतो.’

तू काय समजतोस, मी त्या तीन लोकांना घाबरत नाही आणि गुडघे दुखणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या म्हातारीला घाबरते? हो, तसंच आहे. समितीत कोण आहे? संचालक, ज्याला संध्याकाळच्या चहाची चिंता. एक डॉक्टरीण, जी प्रत्येक वाक्याआधी ‘तत्त्वतः’ म्हणते. आणि कार्यालयातला मुख्य कारकून. त्यांच्यासमोर मी कपडे काढल्यासारखं सगळं सांगेन. आई वेगळी. जिने चौथीच्या वर्गाला पस्तीस वर्षं शिकवलं आणि पेन्सिल चोरणाऱ्यापेक्षा नाही म्हणणाऱ्याला दोन छड्या जास्त दिल्या, तिला कसं सांगू? ती अजून तशीच आहे. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं तर चालतं, घातलं नाही म्हणाला तर दूध बंद.

आणि तिला काय सांगायचं, तू विचार केलायस का? नुसतं दिव्याचं नाही. त्या संध्याकाळी मी तुझ्या आधी घरी आले होते. आईने विचारलं आज लवकर कशी, तेव्हा मीच तिला म्हटलं की धाकट्याने नोंदवहीत खोटं लिहिलं आणि पकडला गेला. कुणी सांगायला लावलं नव्हतं. तू येऊन काहीतरी बोलशील त्याआधी माझं सांगून व्हावं एवढीच घाई होती. तू आलास, आईने दारातच विचारलं, सही केलीस का? तू हो म्हणालास. खोटारड्याला या घरात जागा नाही, ती म्हणाली. हे सगळं तुला माहीत आहे. मला वाटायचं, पहिली गोष्ट तुला माहीत नसेल. आहे का?

मी दुसरा रस्ता काढलाय. नवीला सगळं सांगितलं. रडेल वाटलं होतं, ती हसायला लागली, मग मला म्हणाली, मॅडम, म्हणजे माझा हात चांगला आहे. हो बाई, म्हटलं, माझ्यापेक्षा चांगला. आम्ही दोघींनी सोळा उंदीर घेतले, सगळ्यांना नुसतं सलाईन. आठ अंधारात. उरलेल्या आठांच्या वेळी मी बटण दाबलं, घड्याळ लावून वीस मिनिटं. नेमका तोच फरक आला. तिप्पट. कुठलंही हार्मोन न टोचता सरांचं सगळं संशोधन एका ट्यूबलाइटने करून दाखवलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात, इथे तर उजेडानेच सगळं झाकलं होतं.

आता तुझी गरज नाही. आकडे बोलतील. आईला उगाच या वयात कशाला.

ताई


३ मार्च, मंगळवार

धाकट्या,

आकडे बोलले. कुणी ऐकलं नाही.

काल समिती बसली. मी सगळं सांगितलं, डोळ्यांपासून बटणापर्यंत. नवीने तक्ता मांडला. डॉक्टरीणबाई तत्त्वतः प्रभावित झाल्या. संचालकांनी सरांना विचारलं, आपलं काय म्हणणं? सर उठले, मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. फार दुःखी आवाजात म्हणाले, की बाई माझ्याकडे तीस वर्षं आहेत, निवृत्ती जवळ आली, डोळे अधू झालेत, या मुलीवर माया आहे, त्यातून माणसाला न घडलेलंही आठवायला लागतं. दिवा लावून आकडे पाडता येतात हे कुणालाही मान्य आहे. त्या दिवशी लावला होता याला पुरावा काय? आणि त्यांनी फायलीतून तुझी सही काढली. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली होती. नऊ वर्षं जपलेली.

कारकुनाने ती मोठ्याने वाचली. ‘नोंद चुकून झाली. दिवा नव्हता.’ तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखं गोल आहे.

मी ओरडले की ती सही खोटी आहे. सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बाई, पाणी प्या. मी तो हात झटकला. घरी येऊन तो खांदा साबणाने घासला, दोनदा. लहान मुलीसारखं वागले, माहीत आहे. अजून तिथे काहीतरी चिकटल्यासारखं वाटतंय.

राग सरांचा यायला हवा, आणि येतोही. पण खरं सांगू? त्यांनी काय केलं, माझ्याच खोट्याला नीट घडी घालून ठेवलं. माझ्याकडून नाही हा शब्द कुणी दाबून काढला नव्हता. काल मी जे भोगलं, खरं बोलूनही सगळ्यांनी कीव केल्यासारखं बघणं, ते तू त्या दिवशी माझ्यामुळे भोगलंस, आणि वर सही करून गेलास. मला स्वतःचीच किळस येते.

सोळा तारखेला समिती पुन्हा बसणार आहे. तेव्हाचा राखणदार स्वतः येऊन सांगणार असेल तर ऐकू, नाहीतर मुलीला काढायचा निर्णय कायम, असं संचालकांनी सांगितलं. नवी निघताना मला म्हणाली, मॅडम, तुमचे भाऊ येतील ना? मी हो म्हटलं. माझ्या हो-नाहीचा भाव तुला ठाऊकच आहे.

ताई


९ मार्च, सोमवार

धाकट्या,

आईला सांगितलं. काल दुपारी, जेवणं झाल्यावर.

तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला खुर्ची ओढून बसले. सगळं सांगितलं. डोळे, उंदीर, ट्यूबलाइट, सरांसमोरचं नाही, आणि त्या संध्याकाळी तुझ्या आधी येऊन तिला जे सांगितलं तेही. बोलताना मध्ये मध्ये समजावून द्यायला लागले, पिट्युटरी म्हणजे काय, पिनिअल म्हणजे काय. ती म्हणाली, ते राहू दे, पुढे बोल. संपल्यावर तिने मला शेवटचं पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल.

मला वाटलं मारेल. वाटलं रडेल, आणि मग मी तिला जवळ घेईन, अशीही मी तयारी केली होती, निर्लज्जासारखी. तिने यातलं काही केलं नाही. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने हाताच्या मागच्या बाजूने सरकवला. बोटंसुद्धा लावली नाहीत. तो चेहरा मी ओळखते. नऊ वर्षं सरांकडे, प्राणीघराकडे, सगळ्या जगाकडे बघताना मीच तो करत आले. माझ्याकडे बघून कुणी केला नव्हता.

मग म्हणाली, “मी त्याला दारातून परत पाठवला. तू आत भांडी घासत होतीस.”

मी हो म्हटलं.

“भांड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, पोरगी रडू नये म्हणून कामाला लागलीय.”

एवढं बोलून ती उठली, भिंत धरत आत गेली आणि कपाटावरची बॅग खाली काढायला स्टूल ओढू लागली. ब्याऐंशीव्या वर्षी स्टुलावर चढणार होती. मी बॅग काढून दिली. ती तिने माझ्या हातून घेतली नाही, जमिनीवर ठेव म्हणाली. कालपासून स्वतःचं स्वतः करून खाते, हात भाजून घेते, पण मी चुलीजवळ गेले की बाजूला होते. शेजारच्या बाईंना मात्र बोलावून सांगितलं, माझा मुलगा खोटारडा नाही, मी नऊ वर्षं तुम्हाला चुकीचं सांगत होते. मग खालच्या मजल्यावर गेली, तिथेही सांगितलं. जिन्यात एकेका पायरीवर थांबत होती. मी मागे उभी होते, पडली तर धरायला. माझ्याबद्दल कुणाला काही बोलली नाही. मला म्हणाली, मला त्याच्याकडे नेऊन सोड, तुझ्या घरात आता घास उतरायचा नाही.

तर रविवारी सकाळच्या बसने तिला घेऊन येते. चार वाजेपर्यंत पोचू. तिचा उजवा कान चांगला, त्या बाजूने बोलायचं. गुडघ्याच्या गोळ्या जेवणानंतर, तिला विचारशील तर घेतल्या म्हणेल आणि खरंच घेतलेल्या असतील, पुन्हा मोजत बसू नकोस. पाच वाजता उठते आणि सगळ्यांना उठवते. तुझ्या मुलांची वह्या-पुस्तकं तपासेल, तपासू दे. तुझ्या बायकोला सांग, सासूला फार विचारू नको, वाढत जा. तू लहानपणी कसा होतास हे तिने नऊ वर्षांत एकदाही काढलं नाही, पण काल बॅगेत तुझी चौथीची वही घातलेली मी पाहिली. कुठे ठेवली होती देव जाणे.

सोळा तारखेला तू येशील याची मला शंका नाही. तुझा शब्द आहे. नवीला मी तसं सांगितलं आहे, आणि ही गोष्ट सांगताना पहिल्यांदाच मला माझ्या जिभेची लाज वाटली नाही. समितीत मी तुझ्यापासून लांब बसेन. नोकरीचा राजीनामा लिहून ठेवलाय, मला काढून टाकायचा आनंद सरांना कशाला द्या.

रविवारी आईला तुझ्या दारात उतरवून मी त्याच बसने परत फिरेन. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू ताई आत ये म्हणशील. म्हणू नकोस. तू म्हणालास तर मी येईन.

ताई